मोटर फिरली की रोबो रिसेट होतो: कोड बदलण्याआधी व्होल्टेज मोजा

दोन पिवळ्या बीओ गिअर मोटर, मोटर चालवणारा एल२९८एन ड्रायव्हर, कोड चालवणारा आर्डुइनो उनो बोर्ड, समोर अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. घरी बनवलेला पहिला रोबो बहुतेक वेळा याच सामानाचा असतो आणि त्याची तक्रारही बहुतेक वेळा एकच असते. टेबलावर चाकं अधांतरी ठेवून, लॅपटॉपची केबल लावून बघितलं की सगळं व्यवस्थित. केबल काढून फरशीवर सोडला की वीतभर पुढे जातो, थांबतो, बोर्डावरचा दिवा लुकलुकतो, पुन्हा वीतभर जातो. कधी एकच चाक फिरत राहतं आणि रोबो जागच्या जागी गरगरतो. कधी नुसताच गप्प बसतो.

मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात मेन्टेनन्सला आहे आणि सुट्टीच्या दिवशी सिडकोतल्या आमच्या कॉलनीतल्या मुलांचे रोबो बघून देतो. ही तक्रार घेऊन आलेलं मूल आधी हेच सांगतं, "काका, कोड बरोबर आहे, टेबलावर चालतो की!" आणि तरीही त्यानं आठवडाभर कोडच बदललेला असतो. डीले वाढव, डीले कमी कर, दुसऱ्याचा कोड उतरवून टाक. हिरमोड होतो तो इथेच. पुष्कळांचे रोबो मग माळ्यावर जातात आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण अशा बहुतेक रोबोंच्या कोडात काहीच चूक नसते. मोटर सुरू होतात त्या क्षणी आर्डुइनोला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही. ही गोष्ट मोजता येते, त्यामुळे अंदाजाने काही बदलायची गरजच नाही.

खरंच रिसेट होतोय का, ते बघा

कोडातल्या सेटअपमध्ये, म्हणजे बोर्ड सुरू होताना एकदाच चालणाऱ्या भागात, अगदी सुरुवातीला १३ नंबरच्या पिनवरचा दिवा तीन वेळा सावकाश लागेल आणि विझेल अशा ओळी टाका, अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या अंतराने. लूपमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागात, त्या दिव्याला हात लावू नका. आता रोबो फरशीवर सोडा. चालता चालता मध्येच ते तीन सावकाश ठोके दिसले तर सेटअप पुन्हा पहिल्यापासून चालला, म्हणजे बोर्ड रिसेट झाला. ठोके सावकाशच ठेवा, कारण रिसेट झाल्यावर उनोचा बूटलोडर, म्हणजे तुमच्या कोडाआधी चालणारा छोटा प्रोग्रामही, तोच दिवा भराभर लुकलुकवतो आणि मग दोन्हींत गोंधळ होतो.

ठोके दिसले नाहीत, पण रोबो अडकून बसला किंवा वेड्यासारखा फिरायला लागला, तरी संशय पुरवठ्यावरच ठेवा. उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपला व्होल्टेज २.७ च्या आसपास उतरलं की आतलं ब्राउन-आउट संरक्षण रिसेट करतं. पण १६ मेगाहर्ट्झवर भरवशाने चालायला त्याच चिपला साधारण ३.८ व्होल्ट तरी लागतात. या दोन आकड्यांमधला पट्टा सगळ्यात त्रासदायक आहे. तिथे चिप बंद पडत नाही, पण बरोबर चालेल याची हमीही नसते. एकाच रोबोत सकाळी रिसेट, संध्याकाळी एकच चाक फिरणं, दुसऱ्या दिवशी पूर्ण शांतता, अशी वेगवेगळी लक्षणं दिसतात ती यामुळेच. लक्षण बदललं म्हणून नवीन बिघाड शोधत बसू नका.

केबल लावल्यावर का चालतो

केबल लावलेली असताना आर्डुइनोला लॅपटॉपकडून ५ व्होल्ट मिळतात, बॅटरी कितीही कोसळली तरी. शिवाय चाकं अधांतरी असल्याने मोटरवर लोड नसतो. फरशीवर ठेवताना आपण या दोन्ही सवलती एकदमच काढून घेतो. म्हणून टेबलावरची चाचणी कोड आणि पिनांची जोडणी बरोबर आहे एवढंच सांगते.

मधली एक पायरी करून बघा. एल२९८एनच्या ५ व्होल्टच्या टर्मिनलवरून आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनला गेलेली वायर काढून ठेवा, ग्राउंडची वायर मात्र राहू द्या. लांब केबल लावून रोबो फरशीवरच चालवा. आता तो न अडखळता पळाला तर कोड निर्दोष सुटला आणि दोष पुरवठ्याचा आहे हे पक्कं झालं.

मल्टिमीटर दोन ठिकाणी लावायचा

साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच वाचन घेतो. मोटर सुरू होतानाचा झटका त्याहून कितीतरी लवकर होऊन जातो, त्यामुळे मीटरवर ९ दिसतात आणि मुलं म्हणतात, "बॅटरी तर फुल आहे." म्हणून तो झटका लांबवावा लागतो. रोबो उचलून धरा, दुसऱ्या कुणाला तरी दोन्ही चाकं हातानं घट्ट धरायला सांगा आणि मोटर सुरू करा. अडलेली मोटर सुरुवातीच्या क्षणाइतकाच करंट ओढते. दोन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, मोटर आणि ड्रायव्हर दोन्ही तापतात.

त्या दोन सेकंदांत पहिलं वाचन थेट बॅटरीच्या टोकांवर घ्या, दुसरं आर्डुइनोच्या ५ व्होल्ट आणि जीएनडी (ग्राउंड) पिनांवर. बॅटरीच्याच टोकांवर व्होल्टेज ७ च्या खाली गेलं तर बॅटरी कमी पडतेय, पुढे शोधायची गरज नाही. बॅटरी ७.५ ला टिकून आहे, पण आर्डुइनोकडचे ५ व्होल्ट घसरतायत, तर मधला रस्ता तपासा: वायर, ब्रेडबोर्ड, स्विच, ड्रायव्हरवरचा ५ व्होल्ट तयार करणारा रेग्युलेटर. दोन्ही वाचनं जागेवर असून रोबो रिसेट होत असेल तर मोटरचा विद्युत गोंगाट किंवा ग्राउंडचं ढिलं कनेक्शन. ही तीन उत्तरं तीन वेगळ्या उपायांकडे नेतात, म्हणून मोजल्याशिवाय काही विकत आणू नका.

चौकोनी बॅटरीचं दुखणं

बहुतेक रोबो पहिल्याच वाचनावर पकडले जातात. नऊ व्होल्टच्या बॅटरीत दीड-दीड व्होल्टचे सहा बारके सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. सेल बारका म्हणून त्याचा आतला रोध मोठा. टाकी भरलेली आहे पण नळ बारीक आहे, अशी ही अवस्था. दुकानात सर्वात स्वस्त मिळते ती कार्बन-झिंकची बॅटरी. तिचा आतला रोध काही दशक ओहमपर्यंत असतो. ३० ओहम धरले तर नुसता १०० मिलिअँपिअर करंट काढताना ३ व्होल्ट आतल्या आतच खर्च होतात. अल्कलाइन बॅटरी बरी, नवी असताना तिचा रोध दोन ओहमच्या आसपास, पण वापराबरोबर तोही वाढत जातो.

आता मोटरची भूक बघा. पिवळी बीओ मोटर रिकामी फिरताना शे-दीडशे मिलिअँपिअर घेते, पण ६ व्होल्टवर अडली तर अँपिअरच्या आसपास जाते. आणि थांबलेली मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी अडलेलीच असते. दोन मोटर एकदम सुरू केल्या की मागणी दोन अँपिअरच्या घरात. स्मोक डिटेक्टरसाठी आणि मल्टिमीटरसाठी ठीक असलेल्या बॅटरीकडून आपण हे मागतो. नवीकोरी अल्कलाइन लावली की रोबो थोडा वेळ पळतो, मुलं खूश होतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच खेळ पुन्हा सुरू. तक्रार वारंवार येते ती या फसव्या सुधारणेमुळे. बॅटरी बदलल्यावर बरा झालेला रोबो बरा झालेला नसतो.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकला सकाळी कडाक्याची थंडी असते, तेव्हा हे आणखी ठळक दिसतं. थंडीत सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते आणि आतला रोध वाढतो. गच्चीवर सकाळी सात वाजता अडखळणारा रोबो दुपारी उन्हात चालतो, त्यात गूढ काही नाही. आधीच काठावर असलेला पुरवठा थंडीत काठाखाली जातो.

मग काय लावायचं? माझी पसंती दोन १८६५० लिथियम-आयन सेल एकापाठोपाठ. दोन्ही मिळून ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज असताना ८.४. चांगल्या सेलचा आतला रोध ओहमच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी असतो, त्यामुळे दोन अँपिअरला अर्ध्या व्होल्टच्याही आत घट. पण सेल नवे आणि ओळखीच्या दुकानातून घ्या, संरक्षण सर्किटवाले घ्या, आणि चार्जर लिथियमचाच वापरा. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले, आवरण सोललेले सेल लहान मुलांच्या हातात देऊ नका. उलटा लावलेला किंवा शॉर्ट झालेला लिथियम सेल क्षणात तापतो आणि पेट घेऊ शकतो. याबाबतीत मी कुणाच्याही हट्टापुढे नमत नाही. घरात एकटं बसून जोडणारं मूल पाचवी-सहावीतलं असेल तर त्याला सहा रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड पेन्सिल सेलांचा होल्डर द्या. १.२ व्होल्टचे सहा, म्हणजे ७.२ व्होल्ट. वजन थोडं वाढतं, पण काम चोख होतं.

चार साध्या पेन्सिल सेलांवरही रोबो चालवता येतो, पण मग पुढची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

एल२९८एन स्वतः किती खातो

हा ड्रायव्हर जुन्या घडणीचा आहे, आत बायपोलर ट्रान्झिस्टर. एक अँपिअरला त्याच्यातच १.८ ते ३.२ व्होल्ट पडतात. ६ व्होल्ट दिले तर मोटरला चारच्या आसपास पोचतात. "मोटरमध्ये दम नाही" असं मुलं म्हणतात तेव्हा अनेकदा तो दम ड्रायव्हरच्या काळ्या हीटसिंकमध्ये उष्णता बनून जात असतो. बोट लावून बघा, कळेल.

दुसरा भाग जम्परचा, म्हणजे मॉड्यूलवरच्या दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीचा. मॉड्यूलवर ५ व्होल्टचा छोटा रेग्युलेटर असतो आणि जम्पर लावलेला असेल तर तो मोटरच्याच पुरवठ्यातून ५ व्होल्ट तयार करतो. त्याला वर साधारण ७ व्होल्ट मिळाले तरच खाली नीट ५ निघतात. म्हणून चार पेन्सिल सेलांवर, म्हणजे ६ व्होल्टवर, जम्पर ठेवून आर्डुइनो चालवला तर त्याला सुरुवातीपासूनच चारच्या आसपास मिळतात, आणि पहिल्या झटक्यात तो पडतो. अशा वेळी जम्पर काढा. जम्पर काढल्यावर मॉड्यूलचं ५ व्होल्टचं टर्मिनल पुरवठा देणारं न राहता घेणारं होतं, तिथे आर्डुइनोच्या ५ व्होल्टवरून वायर द्या, आणि आर्डुइनोला स्वतंत्र पुरवठा करा. सेल वेगळे केले तरी ग्राउंड एकच हवं. बॅटरीची उणे बाजू, ड्रायव्हरचं जीएनडी आणि आर्डुइनोचं जीएनडी जोडलेलं नसेल तर सिग्नलला आधारच राहत नाही.

स्वतंत्र पुरवठा म्हणून मोबाइलची पॉवर बँक वापरणारे खूप. चालते, पण बऱ्याच पॉवर बँका करंट फारच कमी असला की काही सेकंदांनी आपोआप बंद होतात. उनो एकटा पन्नास मिलिअँपिअरच्या आसपासच घेतो. रोबो ठराविक वेळाने पूर्ण मरत असेल, दिवाही विझत असेल, तर हे कारण असू शकतं.

ड्रायव्हर बदलायचीच तयारी असेल तर टीबी६६१२एफएनजी घ्या. आत मॉसफेट जातीचे ट्रान्झिस्टर असल्याने व्होल्टेज फारच कमी पडतं, आणि सलग १.२ अँपिअर प्रत्येक मोटरला देता येतो. बीओ मोटरला तेवढं पुरतं.

कोडात करायचा एकच बदल

कोड निर्दोष असला तरी तो पुरवठ्याला मदत करू शकतो. मोटर शून्यावरून एकदम २५५ वर, म्हणजे पूर्ण वेगावर, नेऊ नका. अ‍ॅनालॉगराईटने पाव सेकंदात टप्प्याटप्प्याने चढवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढे पळणारा रोबो एका फटक्यात मागे फिरवू नका. फिरती मोटर स्वतःच व्होल्टेज तयार करत असते. पुढे जाताना ते बॅटरीच्या विरुद्ध असतं आणि करंट आवरून धरतं. दिशा उलटली की तेच व्होल्टेज बॅटरीच्या बाजूने काम करतं, आणि त्या क्षणी करंट अडलेल्या मोटरपेक्षाही जास्त जातो. मध्ये मोटर बंद करून २०० मिलिसेकंद थांबा. "भिंत दिसली की रिसेट होतो" ही तक्रार या थांबण्याने अनेकदा मिटते.

भिंतीच्या तक्रारीत सेन्सरचाही हात असतो. एचसी-एसआर०४ ला ५ व्होल्ट लागतात. व्होल्टेज घसरलं की प्रतिध्वनीचं वाचन चुकतं, प्रतिध्वनीची वेळ मोजणारं पल्सइन फंक्शन वेळ संपल्यावर शून्य परत करतं, आणि कोड समजतो की अडथळा शून्य सेंटीमीटरवर आहे. मग रोबो दचकून मागे फिरतो, मागे फिरताना आणखी करंट ओढतो, व्होल्टेज आणखी पडतं, सेन्सर पुन्हा शून्य देतो. मोकळ्या हॉलमध्ये रोबो न दिसणाऱ्या भिंतीपासून पळत असेल तर हे चक्र लागलेलं आहे. हा सेन्सर २ सेंटीमीटरच्या आतलं मोजतच नाही, तेव्हा शून्य आलेलं वाचन कोडात सरळ सोडून द्या.

वायर, कपॅसिटर आणि डाग

मधला रस्ता तपासताना बारीक जम्पर वायरींकडे आधी बघा. मोटर आणि बॅटरीचा करंट त्यांतून आणि ब्रेडबोर्डमधून नेऊ नका. त्या सिग्नलसाठी आहेत. काही स्वस्त जम्परांच्या आत तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड असतं. तार सोलून चुंबक लावा, चिकटली तर ती पुरवठ्यासाठी वापरू नका. एमजी रोडवर सुटी मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांची) वायर मीटरच्या मापाने मिळते, तीच घ्या आणि जमेल तेवढी तोकडी ठेवा. छोटा सरकता स्विचही बघा. लोड असताना त्याच्या दोन टोकांमध्ये मीटरवर दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर स्विच बदला.

बॅटरी जिथे ड्रायव्हरला येते तिथे १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा. पांढऱ्या पट्टीची बाजू उणेला. सुरुवातीचा अगदी छोटा झटका तो सोसतो; कमकुवत बॅटरीला मात्र तो वाचवू शकत नाही. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर १०४ असं छापलेला सिरॅमिक कपॅसिटर, मोटरलाच चिकटून. ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट तिथेच थोपवायचा असतो, ड्रायव्हरपाशी लावून उपयोग कमी. सोल्डरचा डाग देताना सांभाळा. बीओ मोटरची तांब्याची पातळ पत्ती दोन-तीन वेळा वाकली की मुळातून तुटते, आणि मोटर वाया जाते. डाग दिल्यावर वायर मोटरच्या अंगाला आडवी वळवून ग्लू गनने चिकटवा, म्हणजे ओढ पत्तीवर येणार नाही.

फरशी आणि माती

पंचवटीतल्या जुन्या घरांत शहाबादी फरशीच्या सांध्यांना खाच असते. पुढचं छोटं कॅस्टर चाक तिथे अडतं, मोटर क्षणभर जाम होतात, आणि रोबो बरोबर सांध्यावर रिसेट होतो. रोबो कुठे थांबतो त्यावर खडूनं खूण करत जा. खुणा एका ओळीत आल्या तर जमीन उत्तर देतेय.

दिंडोरीकडच्या एका मुलानं द्राक्षबागेत दोन ओळींमधून फिरेल असा रोबो केला होता. घरातल्या फरशीवर उत्तम, बागेत दोन हातांवर बंद. भुसभुशीत मातीत चाकं रुततात आणि मोटर सतत अडल्यासारखीच चालते, त्यामुळे अंगणात पुरणारी बॅटरीही तिथे अपुरी. त्याला आम्ही ३०० आरपीएमच्या (मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या) मोटर काढून १०० आरपीएमच्या लावल्या, चाकं मोठी आणि रुंद केली, आणि सेल मागच्या चाकांच्या बरोबर वर सरकवले. वेग कमी झाला, रिसेट होणं थांबलं. दुकानात बीओ मोटर मागताना आरपीएम सांगावाच लागतो. पहिल्या रोबोला १०० किंवा १५० मागा, सगळ्यात वेगवान मागू नका.

एवढं करूनही अडलं तर कुणालाही मदत मागताना फोटोबरोबर चार आकडे द्या: बॅटरी कोणत्या प्रकारची आणि मोटर बंद असताना किती व्होल्ट, चाकं धरल्यावर बॅटरीच्या टोकांवर किती, त्याच वेळी आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनवर किती, आणि एल२९८एनचा जम्पर लावलेला की काढलेला. हे नसेल तर समोरच्यालाही तुमच्यासारखाच अंदाज बांधावा लागतो.